आकृती एक

"एवढी काढून द्या," ती बाई म्हणाली, आणि टेबलावर पसरलेल्या पानावर तिने बोट ठेवलं. बोट काळ्या पट्टीच्या अगदी खाली होतं, पट्टीला न लागता. "बाकी मला तुमच्याकडून काही नको."

ताईंनी चष्मा वर सरकवून पान जवळ ओढलं. त्यांच्याच त्रैमासिकातलं पान होतं. लहान मुलांच्या आजारांवरचं हे त्रैमासिक ताई इतकी वर्षं काढत आल्या होत्या, की नुसत्या समासावरून त्यांनी ते ओळखलं असतं. घड्या घालून-उलगडून कागद फडक्यासारखा मऊ पडला होता, घडीच्या रेषेवरची अक्षरं उडाली होती. पण घडी मुद्दाम तिरपी घातलेली होती, फोटोवरून जाऊ नये अशी.

फोटोत आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. दवाखान्याचा रेघारेघांचा सदरा, दोन्ही गालांवर आणि कानामागे सूज, ओठ किंचित विलग. आणि या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत, डोळ्यांवरून ओढलेली काळी पट्टी. खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: आकृती एक.

"हा माझा मुलगा," ती म्हणाली. "पट्टी काढली की खाली त्याचे डोळे असतील ना?"

या खुर्चीसमोर बसून लोकांनी ताईंकडे काय काय मागितलं होतं. माझं नाव पहिलं घ्या, त्याचं नाव काढून टाका, लेख या अंकात बसवाच, लेख तपासणारा परीक्षक कोण होता तेवढं सांगा, बघतोच त्याच्याकडे. डोळे आजवर कुणी मागितले नव्हते.

"आधी पाणी घ्या," ताई म्हणाल्या. समोरच्याला पाणी देणं हा स्वतःसाठी वेळ काढायचा त्यांचा जुना उपाय होता.

तिने पाणी घेतलं नाही. ती शाळेत भूगोल शिकवायची. बोलायची पद्धत वर्गातली होती, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी, आणि बहुधा ते तिचं तिलाच लक्षात येऊन ती मध्येच आवाज खाली आणायची. दवाखान्याचे कागद तिने आणले होते. दाखल झाल्याचा, आणि मुलगा गेल्यानंतर हातात ठेवतात तो. ताईंनी दोन्ही पाहिले. आजाराचं नाव तेच, दवाखाना तोच, वर्षही लेखातलंच.

"भाचीने दाखवलं," ती सांगू लागली. "नर्सिंगला आहे. वर्गात त्यांना हा लेख शिकवतात. ती मला म्हणाली, मावशी, चिडणार नसशील तर एक दाखवू का? मी बघितलं आणि चिडलेच. कारण शेवटचं अख्खं वर्ष मी त्याचा एक फोटो काढू दिला नव्हता. घरच्यांना नाही, दवाखान्यात नाही. डॉक्टरांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही म्हटलं. म्हटलं, बरा होऊ दे, मग काढू की. सुजलेल्या तोंडाचा कशाला जपून ठेवायचा."

ती थांबली. पंख्याच्या वाऱ्याने पानाचं टोक उडत होतं, त्यावर तिने तळहात ठेवला.

"मी खाली औषधं आणायला गेले असेन तेव्हा काढला असणार. चोरून. इतका राग आला होता, म्हटलं कोर्टात खेचते एकेकाला. पण राग काही टिकला नाही हो. नंतर लक्षात आलं, त्यांनी माझं ऐकलं असतं तर माझ्याकडे त्या वर्षातलं काहीच उरलं नसतं."

"तुमची सही घेतली होती कशावर? फोटो छापायची परवानगी म्हणून?"

"नाही."

"मुलाच्या वडिलांची?"

"ते तो दोन वर्षांचा असतानाच गेले." मग ताईंचा चेहरा बघून तिने घाईने दुरुस्ती केली. "म्हणजे वारले नाहीत. नुसतेच गेले."

ताईंना हसू आलं आणि त्यांनी ते ओठांत दाबलं. मग त्या गंभीर झाल्या, कारण पुढचं वाक्य नियमातलं होतं.

"असं असेल, तर हा फोटो आम्हाला काढून टाकावा लागेल. संमतीशिवाय छापताच येत नाही. चूक आमची आहे. आम्ही लेखकाच्या शब्दावर जातो. संमती घेतली आहे, असं लिहिलेल्या चौकोनात त्यांनी खूण केली, की आम्ही पुढे—"

"काढू नका!" तिने पान ओढूनच घेतलं. "मी तक्रार करायला आले नाहीये. तसं तुमच्या कागदावर लिहू नका. एकदा गेलाय तो. आता इथूनही घालवता?"

लेखकांना विचारून कळवते, असं ताईंनी तिला सांगितलं. म्हणताना त्यांनी असा सूर लावला, की ऐकणाऱ्याला वाटावं लेखक सातासमुद्रापार राहतात. खरं तर लेखकांची खुर्ची पलीकडच्याच खोलीत होती, मधल्या लाकडी पार्टिशनला पाठ लावून. त्या दिवशी ती रिकामी होती इतकंच.

ती गेल्यावर ताईंनी मागचं काचेचं कपाट उघडलं आणि जुन्या अंकांचे बांधलेले खंड काढून चाळायला घेतले. सहज म्हणून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पानापानांतून मुलं निघत होती. भिंतीला टेकून उभी राहिलेली, वाकडे पाय दाखवणारी, तोंड उघडून जीभ काढलेली, पोटावर आखलेल्या रेघा सांभाळत श्वास रोखलेली. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. इतकी वर्षं ताईंनी त्यांच्या खालच्या ओळी तपासल्या होत्या, स्वल्पविराम घातले होते, आकृतींचे क्रमांक जुळवले होते. आपल्या पाठीमागे एवढी मुलं उभी आहेत हे त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. त्यांनी कपाट बंद केलं, पण त्या दिवसापासून काम करताना त्या खुर्ची जरा तिरकी लावून बसू लागल्या.

लेखक म्हणजे सर. सर म्हणजे त्रैमासिकाचे मुख्य संपादक. ताई इथे टायपिस्ट म्हणून आल्या तेव्हा त्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि 'परीक्षक' म्हणजे शाळेत तपासणीला येतो तो, एवढीच त्यांची कल्पना होती. सरांनी त्यांना सगळं शिकवलं. लेख कसा वाचायचा, आकडे कुठे लपवाछपवी करतात, मोठ्या माणसाचा लेख परत पाठवताना पत्रात गोडवा किती आणि कुठे. नीतिनियमांची पुस्तिका सरांनीच लिहिली, ताईंनी टाइप केली, आणि टाइप करता करता ती त्यांना पाठ झाली. शंका आली की गावभर बोलायचं नाही. आधी लेखकाला विचारायचं, आणि लेखी विचारायचं, हा त्यातला पहिला नियम. संपादकाने आपल्याच नियतकालिकात आपला लेख छापू नये, हा शेवटचा. तो सरांनी आकृती एकच्या लेखानंतर घातला होता. त्या लेखाने त्रैमासिकाचं नाव झालं होतं, त्यामुळे नियम थोडा उशिरा आला याबद्दल कुणी फार मनावर घेतलं नव्हतं.

आता पुढच्या अंकासोबत सर निवृत्त होणार होते. निरोपाचं संपादकीय लिहिणं चालू होतं.

"कोण आली होती म्हणालीस?" त्यांनी विचारलं.

"त्या मुलाची आई. आकृती एकच्या."

सरांनी पेनाला टोपण लावलं. "भूगोलाच्या बाई."

"आठवतात तुम्हाला?"

"अशी आई विसरत नाही माणूस. मुलाची उशी स्वतः बदलायची, नर्सना हात लावू द्यायची नाही. माझ्याशीही भांडली होती." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "फोटो काढून टाक. आजच. वेबसाइटवरून, जिथे जिथे असेल तिथून. संमतीअभावी आकृती वगळली आहे, एवढी ओळ टाक पुढच्या अंकात. माझं नाव घालून टाक."

ताईंना भरून आलं. दुसरा कुणी लेखक असता तर दहा कारणं दिली असती, वकिलाचं नाव घेतलं असतं, दोष कारकुनावर ढकलला असता. आणि हे, निरोपाच्या अंकात, स्वतःच्या नावाने.

"पण सर, तिला तो काढायला नकोय. उलट पुरता हवाय. डोळ्यांसकट."

सर खिडकीकडे बघत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणीतरी येऊ दे, येऊ दे म्हणून ओरडत होता.

"मूळ फोटो आता कुठे असणार," ते म्हणाले. "नाही म्हणून सांग. नष्ट झाला म्हणून सांग."

"नष्ट झालाय का पण?"

"अगं, झालाच असणार. इतकी वर्षं झाली." मग एकदम मऊ आवाजात, जसे ते पोरांशी बोलायचे तसे, "तिच्या भल्यासाठी सांगतोय मी. ती जे शोधत आलीये ते तिला तिथे सापडायचं नाही."

ताईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर त्यांनी आकृती वगळल्याची ओळ टाइप केली, दोनदा वाचली, आणि न पाठवता तशीच ठेवली.

घरी त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. समोर बसलेल्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर त्या मनातल्या मनात पट्टी ठेवून बघत होत्या. नाक उरत होतं, हनुवटी उरत होती, सासूबाई मात्र कुठेतरी निघून जात होत्या.

"माझ्या तोंडाला काही लागलंय का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो आई. एक सांगा, डोळे झाकले तर नुसत्या गाला-हनुवटीवरून माणूस ओळखाल तुम्ही?"

"कुणाला ओळखायचंय त्यावर आहे. बँकेतल्या त्या तुझ्या मैत्रिणीला मी डोळे उघडे असूनही ओळखत नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. "आणि आपलं माणूस असलं ना, तर उलटीच गंमत. तुझे सासरे गेले तेव्हा वर्षभर मला प्रत्येक टपालवाल्यात ते दिसायचे. एकाला तर मी चहाला आत बोलावलं. तो बिचारा प्यायला. दुसऱ्या दिवसापासून पाकीट दाराखालून सरकवायला लागला."

ताई हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

"हसतेस काय. माझ्या मनासारखं झालं असतं तर मी त्याला ठेवूनच घेणार होते."

मांडणीचं काम बघणाऱ्या गृहस्थांना ऑफिसात सगळे मामा म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. अंकाची पानं जुळवणं, तक्ते बसवणं, आणि जिथे लागेल तिथे पट्टी ओढणं हे त्यांचं काम. कंटाळा आला की ते सहकाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फोटोंवरही पट्ट्या ओढत आणि खाली 'रुग्ण सध्या स्थिर आहे' असं लिहून भिंतीला लावत. ताईंनी त्यांना विचारलं तेव्हा ते असलाच कसलातरी उद्योग करत होते.

"मूळ फोटो? आहे की." त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"कसा काय? सर तर म्हणाले नष्ट झाला असेल."

"लेखकाकडचा झाला असेल. आपल्याकडे पानाची फाइल असते ना. त्यात पट्टी वेगळी, फोटो वेगळा." आता त्यांनी मान वर केली. "माझ्या आधीचे लोक फोटोतच काळं फासून टाकायचे. मला ते जमलं नाही कधी. मी आपलं झोपलेल्या पोराच्या तोंडावर पांघरूण घालावं तशी घालतो. ओढलं की निघालं पाहिजे. बघायचाय?"

ताईंनी दार लावून घेतलं. दुपार होती, बाहेर कुणीतरी मोठ्याने फोनवर बोलत होतं, छपाईच्या कागदाचा ओळखीचा वास खोलीत होता. मामांनी संगणकावर जुनी फाइल शोधली, पान उघडलं, पट्टीवर बाण नेला आणि ती उचलून बाजूला ठेवली.

डोळे उघडेच होते. उघडेच असणार, यात घाबरण्यासारखं काय आहे, असं ताईंना नंतर वाटलं. पण त्या क्षणी त्यांनी मामांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. इतकी वर्षं पट्टीखाली तो जागाच होता. कॅमेऱ्याकडे तो बघत नव्हता. कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे बघत होता, आणि सूज आडवी आली नसती तर बहुतेक हसला असता.

"ताई, हे कुणाला दाखवायचं नसतं ना?"

"नसतं."

"मग?"

"पट्टी कशासाठी असते मामा? परक्याने ओळखू नये म्हणून. आई परकी आहे का?"

मामांनी ओठ बाहेर काढले. पुस्तिकेत याचं उत्तर होतं का नव्हतं हे त्यांना माहीत नव्हतं. ताईंना माहीत होतं. नव्हतं. "तिच्याकडे मुलाचा आधीचा एखादा फोटो मागून ताडून तरी बघा," एवढंच मामा म्हणाले. ताईंनी तेही केलं नाही. कागद बघितले होते. मूल गेलेल्या बाईला, हा तुझाच कशावरून, असं कुठल्या तोंडाने विचारायचं?

तिला त्यांनी सरांचा यायचा दिवस टाळून बोलावलं. पण त्या सकाळी सर अचानक आले. संपादकीयात एक परिच्छेद बदलायचा होता म्हणे. कुणी विचारलं तर मी नाही म्हणून सांग, असं बजावून ते आत गेले आणि मधलं दार ओढून घेतलं. आता तिला फोन करून येऊ नका म्हणावं, तर ती जिन्यात पोचली होती.

या खेपेला ती नेटकी तयार होऊन आली होती. केस नुकतेच धुतलेले होते, कानांत बारीक कुड्या होत्या. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पालक येतात तशी ती आली होती, हे ताईंच्या लक्षात आलं आणि त्यांनी चटकन खुर्ची पुढे केली.

"मी तुम्हाला दाखवते आहे ते नियमात बसत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "प्रत देता येईल की नाही, आज सांगू शकत नाही. नुसतं बघा."

"बघू द्या हो. मला बघायचंच आहे."

ताईंनी संगणकाच्या पडद्यावरची पट्टी उचलली, आणि स्वतः खिडकीकडे वळल्या. अशा वेळी समोर उभं राहू नये एवढं त्यांना कळत होतं. बाहेर समोरच्या गच्चीवर कुणीतरी चादरी वाळत घालत होतं. चादर झटकल्याचा आवाज उशिराने ऐकू येत होता. ताई रडण्याची वाट बघत राहिल्या. रडणं आलं नाही.

"थोडं मोठं करता येतं?"

ताईंनी मोठं केलं. तिचा हात पडद्याकडे गेला, मध्येच थांबला, आणि परत मांडीवर आला.

"हा तो नाही," ती म्हणाली.

"आजारपणात चेहरा फार बदलतो. त्यातून इतकी वर्षं—"

"आजारपणात डोळे सुजतात. दुसऱ्याचे होत नाहीत."

आवाज अगदी साधा होता, उत्तरपत्रिका परत देताना असतो तसा. ताईंनी पान खाली नेलं, वर आणलं, आकृतीचा क्रमांक बघितला, फाइलचं नाव बघितलं. मामांची चूक असावी अशी त्या मनोमन विनवणी करत होत्या. मामांची चूक नव्हती. ओठ तेच, सदरा तोच, कानामागची सूज तीच. पट्टीखाली फक्त दुसरं कुणी होतं.

"म्हणजे त्यांनी माझं ऐकलं होतं," ती म्हणाली, आणि तिला हसूच आलं, छोटंसं, कोरडं. "मी नाही म्हटलं, तर खरंच नाही काढला त्यांनी. आणि मी इतके महिने त्यांच्यावर..." पुढे तिने कुणावर, काय, ते सांगितलं नाही. पर्स उघडून तिने ते मऊ पान काढलं, टेबलावर ठेवलं, आणि आता ते आपल्याजवळ असायचं कारण नाही अशा तऱ्हेने दोन बोटांनी पुढे सरकवलं. मग ती उठली. दारापर्यंत गेली.

ताईंना तिला थांबवता येईना. त्यांच्या मनात एकेक गोष्ट आवाज न करता आपापल्या जागी जाऊन बसत होती. फोटो काढून टाक, आजच. नष्ट झाला म्हणून सांग. ती जे शोधत आलीये ते तिला तिथे सापडायचं नाही. आईने परवानगी दिली नाही, लेखाला तर फोटो हवा, मग त्याच आजाराचा दुसरा एखादा मुलगा, कुठल्यातरी जुन्या कागदांतला. डोळ्यांवर पट्टीच तर ओढायची आहे. कुणाला कळणार. आणि खरंच कुणाला कळलं नव्हतं. अजूनही कळण्याचं काही कारण नव्हतं. पट्टी परत ओढायची, फोटो वगळायचा. ओळ तर टाइप करून तयारच होती. सर संपादकीय पुरं करतील, हार-तुरे होतील, घरी जातील. हात जोडून निरोप घेणाऱ्या सरांचा चेहरा ताईंना लख्ख दिसला.

दाराशी गेलेली ती बाई परत फिरली.

"पुन्हा बघू."

ती आता बसली नाही. उभ्यानेच, पर्स खांद्याला तशीच ठेवून, वाकून बघू लागली. बराच वेळ. आधी बघत होती तशी नाही. वर्गात नवं पोर आलं की बाई बघतात, तसं.

"हा कुणाकडे तरी बघतोय."

"हो."

"फोटो काढणाऱ्याच्या शेजारी कुणीतरी उभं आहे. तिने सांगितलंय, हलू नको, झालंच हं." तिने स्वतःच मान हलवली. "आईच असणार. दुसऱ्या कुणाकडे असं बघत नाहीत पोरं, सुया टोचून घेतल्यावर."

ताई पुन्हा त्या डोळ्यांकडे बघू लागल्या.

"लेखात शेवटी काय लिहिलंय? रुग्ण दगावला. मी शब्दकोशात बघून बघून वाचलाय तो लेख. ते माझ्या मुलाचं आहे, ते सगळं खरं आहे, तारखेसकट. पण हा दगावला का?"

"माहीत नाही."

"भाचीच्या वर्गातली सगळी पोरं याला मेलेला समजतात. दरवर्षी नवी पोरं येतात आणि समजतात. आणि हा कुठेतरी असेल हो. दाढी येत असेल आता त्याला." आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि तिने तो खाली आणला नाही. "त्याच्या आईला माहितीये का, तिच्या मुलाला तुम्ही माझ्या मुलाच्या मरणात उभं केलंय?"

"मी विचारते," ताई म्हणाल्या.

"कुणाला?"

"लेखकाला. नियमच आहे आमचा. शंका आली की आधी लेखकाला विचारायचं."

त्या खुर्चीवर बसल्या. असली पत्रं त्यांनी आजवर पुष्कळ लिहिली होती. मजकूर ठरलेला होता, बोटांना पाठ होता, फक्त वरचं नाव बदलायचं असे. आज नाव घालताना त्यांची बोटं दोनदा चुकली. आदरणीय लेखक महोदय, आपल्या लेखातील आकृती एकमध्ये दिसणारा मुलगा हा लेखात वर्णन केलेला रुग्ण नसल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. कृपया या मुलाचे नाव, आणि तो हयात आहे किंवा कसे, हे कळवावे. नेहमीच्या पत्रात याखाली 'सवडीने' असा शब्द असे. तो त्यांनी खोडला. खाली आपलं पूर्ण नाव घातलं, एरवी नुसतं कार्यालयाचं घालत. आणि पत्र ईमेलने पाठवून दिलं.

पार्टिशनच्या पलीकडे टुंग असा आवाज झाला.

लाकूड पातळ होतं. दोघींनाही तो स्पष्ट ऐकू आला. मग खुर्ची करकरली. मग माऊसची एक टिचकी. त्यानंतर काहीच नाही, खोलीत कुणी नसल्यासारखं. पण रिकाम्या खोलीची शांतता वेगळी असते, आणि ही तशी नव्हती.

त्या बाईने पडद्यावरची नजर काढली आणि मधल्या दाराकडे बघितलं. मग ताईंकडे.

"आत कोण बसतं?" तिने विचारलं.

ताई उठल्या. एरवी त्या दार वाजवल्याशिवाय कधी आत जात नसत. त्यांनी कडीला हात घातला आणि दार पुरतं उघडून, तिला आत दिसावं म्हणून, त्या बाजूला झाल्या.